आईने दिलेल्या किडनीतली गाठ: एक प्रकरण

नोव्हेंबर 2021, मार्च 2022, जुलै 2022, ऑक्टोबर 2022, जानेवारी 2023. लघवीच्या कल्चरचे (लघवीतला जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीचे) हे पाच रिपोर्ट मी एका संध्याकाळी टेबलावर एकाखाली एक मांडले. पाचही ठिकाणी जंतू एकच, ई. कोलाय. कोणत्या औषधांना दाद देतो आणि कोणत्यांना देत नाही, तो तक्ताही जवळपास सारखाच. दरवेळी मी इंजेक्शनं दिली, ताप उतरला, लघवी स्वच्छ आली आणि मी फाइलवर ‘बरं झालं’ असं लिहिलं. पाच कागद एकत्र पाहिल्यावर कळलं की हा पाच वेळा झालेला संसर्ग नव्हता. पंधरा महिने एकच आजार चालू होता आणि मधूनमधून आपण त्याचा फक्त ताप उतरवत होतो.

रुग्ण बाई 47 वर्षांच्या. मूळ गाव सातारा जिल्ह्यात पाटणकडे, राहणं कोपरखैरण्यात. यजमान तुर्भ्याच्या बाजारात माथाडी. त्या स्वतः त्याच बाजाराजवळच्या एका गाळ्यावर कांदा निवडायच्या. प्रत्यारोपणानंतर वर्षभराने पुन्हा कामाला लागल्या होत्या, आणि मला त्याचं फार कौतुक वाटायचं. त्यांच्या परवानगीने लिहितो आहे. ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत, आजाराचे मात्र नाहीत.

त्यांच्या मूळ किडन्या का गेल्या हे कधीच कळलं नाही. आमच्याकडे आल्या तेव्हाच दोन्ही किडन्या आक्रसून लहान झाल्या होत्या, त्या अवस्थेत तुकडा काढून बायोप्सी करण्यात अर्थ नव्हता. दीड वर्ष डायलिसिस झालं आणि जानेवारी 2019 मध्ये आईची किडनी बसवली. आई तेव्हा 63 वर्षांच्या, शेतात राबलेल्या, रक्तदाब माझ्यापेक्षा चांगला. नवी किडनी आम्ही मूळ जागी बसवत नाही. ती ओटीपोटात उजवीकडे, कातडीखाली हाताला लागेल अशी बसवतात आणि तिची मूत्रवाहिनी थेट मूत्राशयाला शिवतात. पहिली जवळपास तीन वर्षं उत्तम गेली. क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम मंदावलं की रक्तात वाढणारा आकडा, 1.2 वर स्थिर. शरीराने किडनी नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी नेहमीची तीन औषधं चालू होती: टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट आणि 5 मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड.

मग ते पाच संसर्ग. आणि त्यातच माझ्या हातून झालेली एक चूक, जी सांगितल्याशिवाय हे प्रकरण पुरं होत नाही.

जानेवारी 2023 च्या संसर्गानंतर क्रिएटिनिन पुन्हा खाली यायला हवं होतं, ते 1.6 वरच अडकलं. मला वाटलं, संसर्गाच्या धांदलीत शरीराने किडनी थोडी नाकारायला सुरुवात केली असावी, म्हणजे सौम्य रिजेक्शन. बायोप्सी करू म्हटलं, पण ताप नुकताच उतरला होता, बाई थकल्या होत्या, यजमानांची रजा संपली होती. बायोप्सी पुढे ढकलली आणि प्रेडनिसोलोन 5 वरून 20 मिलिग्रॅम केलं. त्यांना हुशारी वाटली. स्टेरॉइडने कोणालाही वाटते. महिनाभर मी त्या हुशारीला गुण आला असं समजत राहिलो.

मार्चमध्ये त्या आल्या तेव्हा वजन 58 वरून 51 किलोवर आलेलं होतं. रोज संध्याकाळी कणकण, जेवणावरची वासना गेलेली, आणि किडनीच्या जागी हात ठेवला की त्या अंग चोरून घ्यायच्या. क्रिएटिनिन 2.6. सोनोग्राफीत किडनी सुजून मोठी झालेली, आणि वरच्या टोकाला 4.2 सेंटिमीटरचा एक भाग असा की रेडिऑलॉजिस्टने रिपोर्टमध्ये ‘गाठ’ हाच शब्द वापरला.

तो शब्द घरी कोणीतरी वाचला आणि दुसऱ्या दिवशी ओपीडीत पाच माणसं आली. आई पाटणहून रात्रीच्या गाडीने आल्या होत्या. त्यांनी एकच विचारलं, “माझ्या किडनीतनंच कॅन्सर गेला का हो लेकीच्या अंगात?” मी नाही म्हणालो. पण काय आहे, हे मला तरी कुठे माहीत होतं?

आता इथे थोडं थांबून सांगायला हवं, कारण या प्रकरणातला खरा पेच हाच आहे. प्रत्यारोपित किडनीत गाठीसारखं काही दिसलं, ताप आहे, वजन घटतंय, क्रिएटिनिन वाढतंय, तर मनात येणाऱ्या आजारांची यादी मोठी असते आणि त्यांचे उपचार एकमेकांच्या विरुद्ध असतात. रिजेक्शन असेल तर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं वाढवायची, शिरेतून मोठ्या मात्रेत स्टेरॉइड द्यायचं. प्रत्यारोपणानंतर होणारा लिम्फोमा, म्हणजे पांढऱ्या पेशींचा कर्करोग, असेल तर तीच औषधं झपाट्याने कमी करायची. किडनीचा कर्करोग असेल तर किडनी काढण्यापर्यंत विषय जातो. पू साठला असेल तर नळी घालून काढायचा. आणि आपल्याकडे क्षयरोग विसरून चालतच नाही. त्याची औषधं सुरू केली की रिफाम्पिसिन टॅक्रोलिमसची रक्तातली पातळी पार खाली ओढतं, म्हणजे किडनी वाचवता वाचवता रिजेक्शनला आमंत्रण. अंदाजाने यातला कोणताही एक रस्ता धरला असता तर इतर चार आजारांत नुकसानच होतं. जानेवारीत मी तसा एक रस्ता धरलाच होता.

चर्चेत किडनी काढून टाकण्याचा पर्यायही निघाला. बाहेरून मागवलेल्या एका मतात तर तोच सल्ला होता: गाठ संशयास्पद आहे, किडनी तशीही बिघडते आहे, काढा आणि डायलिसिसवर परत जा. वाईट हेतूने दिलेला सल्ला नव्हता तो. पण तुकडा तपासल्याशिवाय आईची किडनी बादलीत टाकायला मी तयार नव्हतो आणि आमचे सर्जनही नव्हते.

लघवीतली क्षयाची तपासणी निगेटिव्ह आली. अशा लिम्फोमामागे बहुतेकदा असणारा एपस्टाइन-बार विषाणू रक्तात सापडला नाही. रिजेक्शन घडवणारी, दात्याच्या विरुद्धची अँटिबॉडी नव्हती. टॅक्रोलिमसची पातळी ठीक होती. चौथ्या दिवशी बायोप्सी केली.

प्रत्यारोपित किडनीची बायोप्सी तशी सोपी, किडनी कातडीच्या अगदी जवळ असते. आम्ही तीन तुकडे घेतले, एक गाठीतून, एक किडनीच्या बऱ्या दिसणाऱ्या भागातून, आणि तिसरा पुन्हा गाठीतून. हा तिसरा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये न टाकता निर्जंतुक सलाइनमध्ये घालून थेट मायक्रोबायॉलॉजीला पाठवला. फॉर्मॅलिनमध्ये गेलेल्या तुकड्यातून जंतू वाढत नाही. ऐन वेळी हे कोणी तरी विसरतं आणि मग तुकडा असूनही कल्चर मिळत नाही. आमच्या टेक्निशियन ताईंनी ती बाटली आदल्या दिवशीच वेगळी काढून, नाव घालून ठेवली होती. पुढचा सगळा उपचार त्या बाटलीवर उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पॅथॉलॉजिस्ट मॅडमचा फोन आला. म्हणाल्या, “किडनीची रचनाच दिसत नाही गाठीच्या भागात. नुसत्या मोठ्या, गुलाबी, दाणेदार पेशी, थरच्या थर. कॅन्सर वाटत नाही. पण रिपोर्ट आज देत नाही, मला अजून दोन-तीन रंग करायचे आहेत.”

त्या रंगांनी, म्हणजे तुकड्यावर चढवून त्यातल्या वेगवेगळ्या गोष्टी ओळखणाऱ्या रंगांनी, निदान झालं. पेशी केराटिनला निगेटिव्ह आणि सीडी 68 ला पॉझिटिव्ह आल्या, म्हणजे त्या कर्करोगाच्या पेशी नसून शरीराच्याच भक्षक पेशी होत्या, ज्यांचं काम जंतू गिळून पचवणं. क्षयाच्या जंतूंचा रंग निगेटिव्ह. मग पीएएस, लोहासाठी पर्ल्स आणि कॅल्शियमसाठी व्हॉन कोसा. पेशींच्या पोटात ठिपके उमटले, साधारण तांबड्या रक्तपेशीएवढे, वर्तुळात वर्तुळ असलेले. लोहाच्या रंगात निळे, कॅल्शियमच्या रंगात काळे. मी मॅडमच्या शेजारी बसून सूक्ष्मदर्शकाच्या दुसऱ्या नळीतून स्लाइड पाहिली. आडवा कापलेला कांदा दिसावा तसे ते दिसत होते.

या ठिपक्यांना मायकेलिस-गुटमन बॉडी म्हणतात आणि या आजाराला मॅलाकोप्लाकिया. लिओनोर मायकेलिस आणि कार्ल गुटमन यांनी 1902 मध्ये त्यांचं वर्णन केलं. पुढच्याच वर्षी डेव्हिड फॉन हान्सेमान यांनी ‘मऊ’ आणि ‘चकती’ या अर्थाच्या ग्रीक शब्दांवरून आजाराला नाव दिलं, कारण मूत्राशयाच्या आत या आजाराच्या मऊ पिवळसर चकत्या दिसत. बायोकेमिस्ट्री शिकलेल्यांना मायकेलिस हे नाव ओळखीचं वाटेल. एन्झाइमांच्या वेगाचं 1913 चं मायकेलिस-मेंटेन समीकरण यांचंच.

आजाराचं मूळ असं. भक्षक पेशी ई. कोलाय गिळते, इथपर्यंत सगळं नीट होतं. गिळलेला जंतू एका पिशवीत जातो, त्या पिशवीला पाचक रसाची दुसरी पिशवी येऊन मिळायची असते. हा मिलाफ आणि त्यानंतरचं पचन अर्धवट होतं. जंतू पुरता मरत नाही, पेशी त्याला बाहेरही टाकत नाही. त्या अर्धवट पचलेल्या अवशेषांवर कॅल्शियम आणि लोहाचे थर चढत जातात, तोच तो कांद्यासारखा ठिपका. एक पेशी हरली की मदतीला आणखी येतात, त्याही तशाच फुगून बसतात, आणि हळूहळू त्यांचीच गाठ होते. 1977 मध्ये अशा एका रुग्णाच्या पेशींमध्ये सायक्लिक जीएमपी हा आतला निरोप्या कमी असल्याचं दाखवलं गेलं, आणि तो वाढवणाऱ्या औषधाने पेशींचं पचन सुधारल्याचंही. प्रत्यारोपण झालेल्या माणसाला आपण जी औषधं देतो, विशेषतः स्टेरॉइड, ॲझाथायोप्रिन, मायकोफेनोलेट, ती या पेशींना आणखी दुबळं करतात. जानेवारीतले माझे 20 मिलिग्रॅम इथे लागू झाले होते.

माझे पाच कोर्स का उलटले, तेही यातूनच समजलं. मी दिलेली कार्बापेनेम गटाची इंजेक्शनं रक्तात आणि लघवीत जोरदार काम करतात, पण भक्षक पेशीच्या आत ती फारशी शिरत नाहीत. लघवीतला जंतू मरायचा, कल्चर स्वच्छ यायचं आणि पेशीच्या आत दडलेला जंतू तीन-चार महिन्यांनी पुन्हा बाहेर यायचा. पेशीच्या आत चांगली पोचतात ती सिप्रोफ्लॉक्सॅसिनसारखी फ्लुओरोक्विनोलोन, को-ट्रायमोक्सॅझोल आणि रिफाम्पिसिन. पुस्तकात पहिली पसंती सिप्रोफ्लॉक्सॅसिनला. आमच्याकडच्या ई. कोलायबाबतीत हे लिहिणं सोपं, करणं कठीण. बाईंच्या पाचही कल्चरमध्ये जंतू सिप्रोफ्लॉक्सॅसिनला दाद देत नव्हता.

इथे ती सलाइनची बाटली कामाला आली. गाठीतल्या तुकड्यातून वाढलेला ई. कोलाय को-ट्रायमोक्सॅझोलला दाद देणारा निघाला. लघवीच्या रिपोर्टांतही तसंच होतं, पण मी त्या ओळीकडे कधी नीट पाहिलं नव्हतं. इंजेक्शन लागू आहे ना, मग गोळीचं काय एवढं, असं वाटायचं. सेप्ट्रान म्हणून जी साधी गोळी प्रत्यारोपणानंतर पहिलं वर्ष आम्ही सगळ्यांनाच न्यूमोनियाच्या एका प्रकारापासून बचाव म्हणून देतो, तीच ही.

उपचार असा ठरला. मायकोफेनोलेट बंद. प्रेडनिसोलोन पायरी पायरीने परत 5 वर. टॅक्रोलिमस चालू, पण पातळी 7 वरून 4 ते 5 च्या दरम्यान. अर्टापेनेम (तेच कार्बापेनेम गटातलं) रोज एक सलाइन, किडनीच्या मानाने अर्ध्या मात्रेत, तीन आठवडे. ते त्यांच्या घराजवळच्या नर्सिंग होममध्ये दिलं जायचं, उजव्या हातातून, कारण डाव्या हातातला डायलिसिसचा फिस्टुला (त्यासाठी जोडून तयार केलेली रक्तवाहिनी) आम्हाला सुईपासून जपायचा होता. उघड बोललो नाही, पण तो लागू शकतो हे त्यांना आणि मला दोघांनाही माहीत होतं. सोबत को-ट्रायमोक्सॅझोलची 160/800 ची एक गोळी रोज, निदान सहा महिने. आणि बेथानेकोल. हे औषध पेशीतला तो निरोप्या वाढवतं, शिवाय मूत्राशय नीट रिकामं व्हायला मदत करतं. जुन्या लेखांत सोबत क जीवनसत्त्वाचे मोठे डोस सुचवलेले असतात. ते मी दिले नाहीत. बिघडलेल्या किडनीत त्याचं ऑक्झलेट होऊन साचतं, तो धोका मला पत्करायचा नव्हता.

दोन आठवड्यांनी क्रिएटिनिन 2.2 वरून पुन्हा 2.5 झालं आणि पोटॅशियम 5.8. घरात घबराट. पण को-ट्रायमोक्सॅझोल किडनीतून क्रिएटिनिन बाहेर टाकण्याची एक वाट अडवतं, त्यामुळे किडनी न बिघडताही आकडा थोडा चढतो. पोटॅशियमही तेच वाढवतं, आणि टॅक्रोलिमस त्यात भर घालतं. गोळी बंद करण्याचा मोह मोठा होता. बंद केली नाही. पोटॅशियम बांधून ठेवणारी पावडर दिली, सोडामिंट दिलं, आणि घरी विचारपूस केली तेव्हा कळलं की अशक्तपणा जावा म्हणून यजमान रोज दोन शहाळी आणत होते. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर, ती थांबवली. आठवड्यात पोटॅशियम 5 वर आलं.

गाठ का झाली ते आता कळलं होतं, पण संसर्गच मुळात वारंवार का होत होता? याचं उत्तर मला मिळालं नाही, आमच्या ट्रान्सप्लांट को-ऑर्डिनेटरला मिळालं. तिने बाईंना तीन दिवस पाणी किती प्यायलं आणि लघवी कधी झाली याचा तक्ता भरायला सांगितला. मुद्दाम म्हणाली, “कामाला जात होता तेव्हाचा आठवून भरा, घरचा नको.” तक्ता आला. सकाळी सातला दोन तांबे पाणी. मग आठ ते संध्याकाळी साडेपाचपर्यंत सगळे रकाने कोरे. रात्री आठ ते अकरा दीड लिटर.

मी दर वेळी विचारायचो, पाणी पिता ना तीन लिटर? त्या म्हणायच्या, “पिते की.” खोटं नव्हतंच ते. कधी पिता, हे मी चार वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं.

त्या दिवशी विचारलं तेव्हा सांगितलं, “कामावर पाणी कशाला प्यायचं डॉक्टर? जायचं कुठं? हाय तो संडास गड्यांचा, त्याला कडी बी नाही. आम्ही बायका घरनंच जाऊन येतो आन् पार घरी आल्यावर.” साडेनऊ तास. एका किडनीवर, मूत्राशयाला शिवलेल्या आखूड मूत्रवाहिनीवर. तपासणीत लघवीनंतर मूत्राशयात 140 मिलिलिटर शिल्लक राहत असल्याचं दिसलं, आणि मूत्राशय भरल्यावर लघवी उलटी नव्या किडनीकडे चढत होती. पाळी जाऊन दोन वर्षं झाली होती, त्यानंतर तिथली त्वचा कोरडी पडून संसर्ग वाढतात, त्यावर लावायचं इस्ट्रोजेनचं क्रीम असतं. तेही मी कधी लिहून दिलं नव्हतं, कारण हा विषय मी काढला नाही आणि त्या काढणार नव्हत्याच. शेवटी तो को-ऑर्डिनेटरनेच काढला, दार लावून, पाच मिनिटांत.

लघवी तुंबवल्यामुळेच हा आजार झाला असं मी म्हणणार नाही. मॅलाकोप्लाकिया फार दुर्मीळ आहे; तसं असतं तर बाजारातल्या अर्ध्या बायकांना तो झाला असता. पण त्यांच्या शरीरात जंतूला रोज साडेनऊ तास उभं राहायला डबकं मिळत होतं, आणि ते मी उपसायला सांगितलं नाही. मुंबईच्या या बाजूला हजारो बायका रोज असं कोरड्या घशाने काम करतात. प्रत्यारोपण झालेल्या बाईला ‘भरपूर पाणी प्या’ सांगताना तिच्या कामावर संडास आहे का, त्याला कडी आहे का, हे विचारणं मी आता औषधांच्या यादीइतकंच जरुरीचं मानतो, आणि ओपीडीच्या कागदावर त्यासाठी एक ओळ छापून घेतली आहे.

तीन महिन्यांनी गाठ 2.6 सेंटिमीटर झाली. सहा महिन्यांनी सोनोग्राफीत तिथे फक्त व्रण होता. दुसरी बायोप्सी केली, त्यात भक्षक पेशी तुरळक होत्या, पण किडनीचा जवळपास तिसरा हिस्सा तंतूंनी भरलेला. रिजेक्शन नव्हतं, ज्याची मला सगळ्यात जास्त धास्ती होती. वजन 56 वर आलं. क्रिएटिनिन 1.7 वर येऊन थांबलं आणि तिथून खाली आलं नाही. 1.2 ते 1.7 मधली किडनी गेली ती गेली. बायोप्सी जानेवारीत केली असती तर त्यातली किती वाचली असती, याचा हिशेब मी अनेकदा मांडून पाहिला आहे.

त्या बाजारातल्या कामावर परतल्या नाहीत. महिन्याचे साडेसात हजार गेले, हे यजमानांनी मला दोनदा ऐकवलं आणि त्यांचं चूक नव्हतं. आता त्या घरीच डबे करून देतात. दर तीन तासांनी मोबाइलचा गजर वाजतो, तहान असो-नसो पाणी, लागो-न लागो लघवी, आणि उठल्यावर दोन मिनिटांनी पुन्हा एकदा बसायचं. को-ट्रायमोक्सॅझोल अर्ध्या मात्रेत रोज रात्री चालू आहे. मायकोफेनोलेट आम्ही परत सुरू केलेलं नाही. मूत्रवाहिनी पुन्हा शिवण्याची शस्त्रक्रिया लागेल का, हा प्रश्न उघडा ठेवला आहे. पुन्हा संसर्ग झाला तर लागेल.

आई वर्षातून एकदा स्वतःच्या तपासणीला येतात. मागच्या वेळी त्यांचं क्रिएटिनिन 1.0 होतं, रक्तदाब 130/80. रिपोर्ट सांगितला तर म्हणाल्या, “माझं ऱ्हाऊ द्या. हिच्यातली कशी हाय?” मी सोनोग्राफीचा पडदा त्यांच्याकडे वळवला, किडनी दाखवली आणि वरच्या टोकाचा व्रणही दाखवला. त्यांनी लेकीच्या पोटाच्या उजव्या बाजूला हात ठेवला, दाबला, आणि दुखतं का विचारलं. नाही, म्हणाल्या त्या.